कुठे अडकायला आवडतं?

"आधी सायन्स घे, मग वाटलं तर बदलता येतं." दहावीच्या निकालानंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे वाक्य एकदा तरी उच्चारलं जातं. मी ते वडिलांकडून ऐकलं, वर्गशिक्षिकेकडून ऐकलं, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं अशा दूरच्या काकांकडूनही ऐकलं. वाक्य खोटं नाही. उलट ते इतकं खरं आहे की त्यापुढे पंधरा वर्षांच्या मुलाला बोलायला काही उरत नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

नियमच तसे आहेत. बारावी विज्ञान झालेल्याला बी.ए.ला प्रवेश मिळतो, बी.कॉम.ला मिळतो, कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला मिळतो. बारावी कला झालेल्याला नेहमीच्या वाटेने बी.एस्सी. नाही, इंजिनीअरिंग नाही, मेडिकलचं तर नावच काढायचं नाही. इकडून तिकडे जाता येतं, तिकडून इकडे येता येत नाही. मग ज्याला बरे मार्क पडलेत त्याने इकडेच थांबावं, हा सल्ला कुणीही शहाणा माणूस देईल. मीही देईन.

पण त्याचा अर्थ असा की सायन्सला जाणाऱ्या बहुतेक मुलांनी विज्ञान निवडलेलंच नसतं. त्यांनी निवड पुढे ढकललेली असते. एकट्यादुकट्याने हे केलं तर बिघडत काही नाही. सगळ्यांनी केलं की दोन्हीकडच्या वर्गांची रया जाते. विज्ञानाच्या वर्गात ज्यांना विज्ञानाशी काही देणंघेणं नाही अशी मुलं पीसीएम, पीसीबी, ग्रुप ए, ग्रुप बी असली अक्षरं जुळवत बसतात, आणि कलेच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला आयुष्यभर एकच प्रश्न झेलावा लागतो: मार्क कमी पडले होते का? ज्याला पडले नव्हते तोही काही वर्षांनी खुलासा द्यायचं सोडून देतो.

सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिजमध्ये 'दोन संस्कृती' या विषयावर एक व्याख्यान दिलं. ते अजून वादात ओढलं जातं. स्नो विज्ञान शिकलेले आणि कादंबऱ्या लिहिणारे, त्यामुळे दोन्हीकडच्या बैठकींत त्यांचं जाणंयेणं होतं. त्यांची तक्रार होती की साहित्यात वावरणाऱ्या विद्वानांना थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगता येत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. इंग्लंडात शाळेतच मुलांचे विषय फार लवकर वेगळे करतात, हे त्याचं एक मूळ आहे असं ते म्हणत. आपण लवकर वेगळं करण्याची रीत ठेवली, फक्त तोरा उलट्या बाजूला गेला. आपल्याकडे इंजिनीअर माणूस "इतिहासबितिहास आपल्याला जमत नाही बुवा" असं हसत सांगतो आणि समोरचेही हसतात.

आता यातली एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा दिसली. खरी फारकत विज्ञान आणि कला यांत होत नाही, गणित सोडण्यात होते. ज्याचं गणित अकरावीला सुटलं त्याला पुढे अर्थशास्त्राचा वरचा अभ्यास जड जातो, संख्याशास्त्र बंद होतं, तर्कशास्त्रातली वरची वाट बंद होते. मजा अशी की आपल्या राज्याच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर सरळ छापलेलं असतं: गणित आणि संख्याशास्त्र, कला व विज्ञान. म्हणजे कला शाखेच्या मुलाने गणित घ्यावं याची सोय कागदावर आहे. मी ज्या महाविद्यालयांमध्ये चौकशी केली तिथे मात्र "तसा ग्रुप आमच्याकडे नाही" किंवा "वेळापत्रकात बसत नाही" हेच उत्तर मिळालं. तसंच विज्ञानाच्या मुलाला भूगोल घेता येतो, तोही घेतला जातो तो बहुधा मार्क मिळतात म्हणून. भिंत नियमांनी जेवढी बांधली आहे त्याहून जास्त वेळापत्रकांनी बांधली आहे.

तर निवड. मुलांना आपण विचारतो, "तुला काय आवडतं?" हा प्रश्न प्रेमळ आहे आणि बराचसा निरुपयोगी आहे. कारण दहावीपर्यंत मुलाची गाठ या दोहोंपैकी कशाशीच पडलेली नसते.

शाळेतलं विज्ञान आठवून बघा. सूत्र दिलेलं असतं, त्यात आकडे भरायचे, उत्तर पुस्तकाच्या मागे. पुढे कॉलेजात प्रात्यक्षिकाचं जर्नल येतं. लंबकाच्या दोलनांवरून गुरुत्वत्वरण काढायचं आणि ते ९.८ च्या आसपास यायला हवं, हे वर्गात शिरण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे हुशार मुलं आधी उत्तर लिहितात आणि मग उलट्या हिशेबाने निरीक्षणं 'घेतात'. विज्ञान ज्या एका गोष्टीसाठी जन्माला आलं, म्हणजे जगाने आपल्याला "नाही" म्हणण्याची, ती गोष्ट वगळून बाकी सगळं विज्ञान आपण शिकवतो. इतिहासाचीही तीच कथा. 'कारणे द्या' या प्रश्नाला चार कारणं, चार गुण. कारणं कुणी शोधली, कशावरून शोधली, पाचवं का नाही, हे विचारणारं मूल वेळ खातं म्हणून गप्प बसवलं जातं. तेव्हा एखादी मुलगी "मला इतिहास आवडतो" म्हणते तेव्हा तिला गोष्टी आवडत असतात, आणि एखादा मुलगा "मला फिजिक्स आवडतं" म्हणतो तेव्हा त्याला मोबाइलवर पाहिलेली रॉकेटं आवडत असतात. दोन्ही चांगल्याच आवडी आहेत. पण ज्या कामात पुढची तीस-चाळीस वर्षं घालवायची त्या कामाशी त्यांचा संबंध थोडा.

मी स्वतः संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि मग इतिहासात एम.ए. आता जुन्या कागदपत्रांच्या वाचनाचं आणि संपादनाचं काम करते. दोन्हीकडे बसून झाल्यावर मला जो फरक जाणवला तो बुद्धीचा नव्हे, आवडीचा तर नव्हेच. फरक आहे तो चूक कळण्याचा.

गणितात माणूस अडकतो तेव्हा त्याला ठाऊक असतं की आपण अडकलोय. रात्री अकरा वाजता सिद्धता पुढे सरकत नाही आणि ती सरकत नाही हे वहीवर स्वच्छ दिसतं. प्रयोगशाळेत तेच थोडं उशिरा होतं, पण होतं: द्रावणाचा रंग बदलायला हवा होता, बदलला नाही. संख्याशास्त्रात चूक जरा लबाड असते, तरीही नवी माहिती आली की अंदाज तोंडावर पडतो. इतिहासात, समाजशास्त्रात, साहित्याच्या अभ्यासात मात्र आपण अडकलोय हेच मुळात कळत नाही. चार पानं सुरेख लिहून होतात. वाक्यं एकापुढे एक नीट बसतात, ओघ असतो, वाचणारा मान डोलावतो, आणि तरीही सगळं चूक असू शकतं. ते दाखवणारं काही आपोआप समोर येत नाही. ते उकरून काढावं लागतं, बरेचदा आपल्यावर खार खाऊन असलेल्या दुसऱ्या अभ्यासकाने.

एम.ए.ला आम्हाला एक सर होते. वर्गातल्या कुणाचाही निबंध तपासताना ते समासात एकच वाक्य लिहायचे: "हे तुम्हाला कसं कळलं?" चांगल्या निबंधावरही तेच, टाकाऊ निबंधावरही तेच. बी.एस्सी. करून आलेल्या आम्हा मोजक्या मुलामुलींना पहिल्या सत्रात त्या वाक्याची चीड यायची. आम्हाला बरोबर-चूक अशी खूण हवी असायची. ती ते कधी करत नसत.

यावर मला सर्वांत चांगलं वाटणारं उदाहरण आपल्या अगदी ओळखीचं आहे: शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचं. त्यावरून जे राजकारण झालं त्यात मला शिरायचं नाही. पद्धत बघण्यासारखी आहे. एक तिथी मागाहून लिहिलेल्या बखरींमधून पुढे आलेली: शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया. दुसरी जेधे घराण्याकडे सापडलेल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या शकावलीतली, म्हणजे तिथीवार घटनांच्या यादीतली: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. तिथीवरून युरोपीय तारीख काढणं हा निव्वळ गणिताचा भाग. चंद्राची गती, अधिकमास, सूर्योदय हे धरून हिशेब केला की पहिलीची ६ एप्रिल १६२७ येते आणि दुसरीची १९ फेब्रुवारी १६३०, दोन्ही जुन्या म्हणजे ज्युलियन गणनेने. आजच्या ग्रेगोरियन गणनेने दुसरी तारीख दहा दिवस पुढे सरकून १ मार्च होते.

माझ्यातली विज्ञानाची विद्यार्थिनी इथे खूश होते, कारण जेधे शकावली नुसती तिथी देऊन थांबत नाही. ती वार देते, नक्षत्र देते, घटी आणि पळंसुद्धा देते. वार शुक्रवार. आता गंमत बघा: १ मार्च १६३० चा वार कुणालाही कागदावर काढता येतो, आणि तो शुक्रवारच येतो. पहिल्यांदा मी तो हिशेब केला तेव्हा अंगावर काटा आला होता. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीचा कागद आणि माझ्या वहीतली बेरीज-वजाबाकी एका जागी येऊन मिळाली.

पण मग सरांचं वाक्य. हे तुम्हाला कसं कळलं? वार जुळला म्हणजे काय सिद्ध झालं? लिहिणाऱ्याकडे पंचांग चांगलं होतं, एवढंच. एखाद्याने पन्नास वर्षांनी बसून तिथी बनवली असती तरी वार बरोबरच घातला असता, त्यालाही हिशेब येत असणार. गणित दोन्ही तिथींच्या तारखा सारख्याच निष्ठेने काढून देतं. यातली कोणती खरी मानायची, हे सांगायला ते बांधलेलंच नाही. तिथून पुढे वेगळं काम सुरू होतं: नोंद कुणी केली, घटनेनंतर किती काळाने, त्याला खोटं लिहिण्यात काही फायदा होता का, दुसरं कुणी तेच सांगतं का. शिवकालातच रचलेल्या कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' काव्यात हीच फाल्गुनातली तिथी येते. जोधपूरला सापडलेल्या जुन्या जन्मपत्रिकांच्या संग्रहातली शिवाजी महाराजांची पत्रिकाही तिकडेच बोट दाखवते. असे एकेक साक्षीदार गोळा होत गेले, अभ्यासक अनेक वर्षं भांडले, आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

कागद एकच, पण त्याला विचारलेले प्रश्न दोन जातींचे. पहिल्या प्रश्नात चूक झाली तर पाच मिनिटांत कळते. दुसऱ्यात चूक झाली तर पिढी जाऊ शकते. काही माणसांना पहिल्या जातीत बरं वाटतं, काहींना दुसऱ्या. "तुला काय आवडतं" याऐवजी मुलांना हे विचारावं असं मला वाटतं: तुला कुठे अडकायला आवडतं? जिथे आपण चुकलोय हे लगेच आणि निर्दयपणे कळतं तिथे, की जिथे चूक आपणच शोधून काढल्याशिवाय दिसत नाही तिथे? पहिली जागा मनाला टोचते. दुसरीत माणूस स्वतःवर भाळण्याचा धोका फार. मला दोन्ही प्रकारची बिघडलेली माणसं ठाऊक आहेत. एक प्रकार प्रत्येक गोष्टीला आकडा मागतो, आणि दुसरा प्रकार कुठल्याच आकड्याला भीत नाही.

इथे कुणी म्हणेल की हा फरक तरी खरा आहे का? शंका रास्त आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांचं नाव पुण्याच्या भांडारकर संस्थेमुळे आपल्याला माहीत असतं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून जुना पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचे, प्रमुख संपादक म्हणून त्यांनी १९२५ साली काम हाती घेतलं. ते मुळात केंब्रिजला गणित शिकलेले होते आणि नंतर बर्लिनला जाऊन संस्कृतकडे वळले, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. भांडारकर संस्थेत ते काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. सुकथनकर १९४३ सालीच गेले. एकूण १२५९ हस्तलिखितं तपासली गेली.

इतक्या पोथ्यांमधून जुना पाठ ओळखायचा कसा? सर्वांत जास्त पोथ्यांत जे आहे ते खरं, असं म्हणून चालत नाही. एकाच चुकीच्या पोथीच्या शंभर नकला झालेल्या असू शकतात. म्हणून मतं मोजायची नाहीत, घराणी शोधायची. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सारखी असेल, जी दोघा लेखनिकांच्या हातून वेगवेगळी व्हायची शक्यता नाही, तर त्या दोघींची आई एक. उलट काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि थेट दक्षिणेतली पोथी, ज्यांचा एकमेकींशी संपर्क आल्याचं दिसत नाही, त्या एखाद्या शब्दावर एकमत झाल्या तर तो शब्द जुना असण्याची शक्यता मोठी.

जीवशास्त्र शिकलेल्यांच्या हे लक्षात आलं असेल. सजीवांची वंशावळ जुळवताना हाच विचार चालतो. डीएनएची नक्कल होताना झालेली तीच चूक दोन जातींमध्ये सापडली तर पूर्वज एक. साम्य वरवरचं नाही, इतकं आतलं आहे की १९९८ साली इंग्रजीतल्या 'कँटरबरी टेल्स' या मध्ययुगीन काव्याच्या हस्तलिखितांची वंशावळ अभ्यासकांनी उत्क्रांतीचे वृक्ष काढायच्या संगणकीय पद्धतींनीच लावली आणि ती 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात छापून आली.

दामोदर धर्मानंद कोसंबींचं तर नाव घेतल्याशिवाय असा लेख पुरा होत नाही. हार्वर्डला गणित शिकले, फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितज्ञ म्हणून काम केलं, भर्तृहरीच्या शतककाव्यांची चिकित्सक आवृत्ती काढली, आणि प्राचीन भारताच्या इतिहासाची मांडणीच हलवून टाकली. त्यांचं मला सर्वांत आवडतं काम म्हणजे तक्षशिलेच्या आहत, म्हणजे ठोकून ठसे उमटवलेल्या जुन्या नाण्यांचं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन घटतं, आणि जितकं जास्त फिरलं तितका एका प्रकारच्या नाण्यांच्या वजनांतला फरकही वाढतो. मग ढिगातलं एकेक नाणं काटेकोर वजन करून तोलायचं आणि कोणता प्रकार आधीचा, कोणता नंतरचा, ते संख्याशास्त्राने लावायचं. नाव नाही, साल नाही अशा चांदीच्या तुकड्यांचा क्रम त्यांनी झिजेवरून लावला. मला हे वाचून हेवा वाटतो.

पण अशी नावं सांगताना मी जरा सावध असते. शाळांच्या कार्यक्रमांत हल्ली सुकथनकर-कोसंबींसारखी माणसं पुढे करून "बघा, दोन्ही करता येतं" असं सांगायची टूम निघाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही कला आणि विज्ञान यांत कडक विभागणी नसावी असं म्हटलं आहे. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. हेतू चांगलाच. फक्त हेही बघायला हवं की या माणसांनी दोन्हीकडून थोडं थोडं घेतलं नव्हतं. एका ठिकाणी हाडं मोडेपर्यंत शिस्त शिकून घेतली आणि मग ती घेऊन दुसरीकडे गेले. दोन विषयांची तोंडओळख म्हणजे दोन विषय नव्हेत. दोन्हीकडे न अडकता बाहेर पडण्याची ती सोयही असू शकते, आणि आपण सोयी शोधण्यात पटाईत आहोत.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण घरात शेवटी तेच बोललं जातं. मानव्यविद्या शिकून पैसा उशिरा येतो, कमी येतो, कधीकधी येतच नाही. हे लपवून "आवडीचं कर, पैसा आपोआप येईल" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. आपोआप काही येत नाही. मात्र नुसत्या बी.एस्सी.नेही तो येत नाही, आणि हे वाक्य घरात कुणी उच्चारत नाही. सायन्सच्या नावाखाली जी खात्री विकली जाते ती प्रत्यक्षात काही थोड्या प्रवेश परीक्षांची असते. तिथे ज्यांचं जमत नाही ते विज्ञानाचे पदवीधर पुढे बँकेच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसतात, आणि आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय म्हणून कितीतरी इंजिनीअर समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र घेतात. बाविसाव्या वर्षी क्लास लावून, सहा महिन्यांत, गुणांसाठी. पंधराव्या वर्षी जे घेतलं म्हणून नातेवाईक हळहळले असते तेच बाविसाव्या वर्षी घेतलं की पोरगा कलेक्टर होणार म्हणून कौतुक. यावर काय बोलणार.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी यंदा दहावी झाली. मार्क चांगले. तिचं गणित पक्कं आहे आणि मराठी व्याकरणाचा तिला मनापासून कंटाळा. सुट्टीत ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या बाबाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तू तिच्या डोक्यात काही भरवू नकोस." मी कबूल केलं. भरवलं काही नाही, दोन गणितं घातली.

पहिलं व्याकरणातलं. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांचा तुकडा किती प्रकारे भरता येईल? तिने पटापट मांडून पाच सांगितले: गुरू-गुरू, गुरू-लघू-लघू, लघू-गुरू-लघू, लघू-लघू-गुरू, आणि चार लघू. पाच मात्रांचे आठ. सहाचे तेरा. मग ती थांबली आणि म्हणाली, "आत्या, हे तर फिबोनाची!" म्हणजे ज्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज असते ती मालिका. होय, पण का? ती बराच वेळ घुसमटली. मग तिला दिसलं की तुकड्याचं शेवटचं अक्षर एकतर लघू असणार, म्हणजे आधीच्या भागाची एक मात्रा कमी. नाहीतर गुरू, म्हणजे दोन कमी. त्या दोघांची बेरीज. फिबोनाचीचं पुस्तक १२०२ सालचं. आपल्याकडे हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदशास्त्रातच ही बेरीज सांगितली होती, आणि त्याच्याही आधी विरहांकाने. तिला यात अभिमानबिभिमान काही वाटला नाही, ते मला आवडलं. तिला राग आला की मराठीच्या तासाला हे कुणी का सांगितलं नाही.

दुसरं म्हणजे वर सांगितलेल्या दोन तिथी. तिने वार काढला, शुक्रवार आला, खूश झाली. मी सरांचं वाक्य विचारलं. ती चिडली. जेवणापर्यंत बोलली नाही, आणि मग रात्री तिचाच प्रश्न आला: शकावली, काव्य आणि पत्रिका हे तीन साक्षीदार आपण धरतोय, पण तिघांनीही एकाच जुन्या कागदावरून उतरवून घेतलं असेल तर? मग ते तीन कुठे, एकच झाला. मी तिला सुकथनकरांच्या पोथ्यांची गोष्ट सांगितली. सारखी चूक शोध, म्हटलं. तिने विचारलं, "आणि चूकच नसेल तर? खरं सांगणारे दोघे सारखंच सांगणार ना?"

प्रश्न बिनतोड होता. मग मी तिला म्हटलं की तो एक दिवस सोडून दे. ज्या शकावलीवर आपण विश्वास ठेवतोय तिच्यात सतराव्या शतकातल्या दुसऱ्या कितीतरी घटना तिथीवार आहेत. त्यातल्या काहींची नोंद सुरतेच्या इंग्रजांच्या पत्रांत असेल, काहींची गोव्याच्या पोर्तुगीजांकडे असेल. या लोकांना जेध्यांचा कागद बघायला मिळालेला नव्हता. तिथे जेधे शकावली किती वेळा खरी उतरते ते मोज, आणि मग ठरव की जिथे दुसरा साक्षीदार नाही तिथे तिच्यावर किती भिस्त ठेवायची.

अकरावीचा फॉर्म तिने विज्ञानाचा भरला. गणित आणि भूगोल घेतला, जीवशास्त्र सोडलं. माझा त्यात काही वाटा नाही. त्या महाविद्यालयात गणिताच्या बाई फार चांगल्या आहेत असं तिच्या मैत्रिणीच्या बहिणीने सांगितलं होतं. विषय निवडायला चांगल्या शिक्षिकेएवढं भक्कम कारण मला तरी माहीत नाही. भाऊ निश्चिंत झाला आहे.

तिकडे तिची यादी सुरू आहे. संगणकावर तक्ता केलाय: पहिल्या रकान्यात शकावलीतली तिथी, दुसऱ्यात तिने काढलेली तारीख, तिसऱ्यात इंग्रजांच्या पत्रातली, चौथ्यात पोर्तुगीजांची. पोर्तुगीज तेव्हा नवी गणना वापरत होते आणि इंग्रज जुनी, हे तिला दहा दिवसांच्या फरकावरून तिचं तिलाच कळलं आणि तिने ते मला फोनवर मोठ्या ऐटीत ऐकवलं. इंग्रजांचं वर्ष त्या काळी १ जानेवारीला नव्हे तर २५ मार्चला बदलायचं, हे मात्र मी अजून तिला सांगितलेलं नाही. जानेवारी ते मार्चमधल्या घटनांवर ती आली की तिसऱ्या रकान्यात वर्षं एकाने मागे पडायला लागतील. तेव्हा येईलच तिचा फोन.